किल्ल्याच्या दरवाज्यावरचा दगड

गेल्या वर्षी माघात, एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, जालन्याच्या किल्ल्याच्या दरवाज्यात उभे असताना माझ्या थोरल्या काकांना कळले की वरच्या दगडावर आमच्या घराण्याचे नाव नाही. त्या वेळी तिथे सहा माणसे होती. त्यांपैकी दोघींना ही गोष्ट पंधरा दिवस आधीपासून माहीत होती. एक माझी आई. दुसरी मी.

काका एक्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्या रविवारी त्यांचे सहस्रचंद्रदर्शन होते. एक्याऐंशी दिव्यांची ओवाळणी, दुपारी जेवण आणि त्याआधी एक जास्तीचा कार्यक्रम. टेंभुर्णीतल्या आमच्या घराच्या दाराशेजारी त्यांना एक कोरीव दगड बसवायचा होता. दगड तयार होऊन आला होता. त्यावरचा पडदा सगळ्या नातेवाइकांसमोर ते स्वतः काढणार होते. पत्रिकेत तसे छापले होते आणि पत्रिका टपालात पडून आठवडा झाला होता.

घर दोन मजली, स्लॅबचे. खाली काका एकटे. काकू वारल्या आणि मुलगा पुण्यात नोकरीला. वर आई. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. मी जालन्यात एका वर्तमानपत्राच्या कार्यालयात बातमीदार आहे आणि शनिवारी टेंभुर्णीला जाते.

किल्ल्यातल्या दगडाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आमचे मूळ पुरुष जालन्याचा किल्ला बांधला गेला तेव्हा तिथे दप्तरदार होते. काम वेळेत आणि चोख झाले म्हणून बांधणाऱ्याने खूश होऊन त्यांचे नाव दरवाज्यावरच्या फारसी लेखात घातले. माझे आजोबा निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले, कचेरीत कारकून. काका सहा-सात वर्षांचे असताना आजोबांनी त्यांना सर्व्हिस मोटारीने जालन्याला नेले, दरवाज्याखाली खांद्यावर घेतले आणि काकांचे बोट धरून वरचा शब्द दाखवला. शेवटची ओळ, डावा कोपरा. तीन दात, वर एक टिंब, शेवटी एक गोल आणि त्या गोलावर दोन टिंबे. आजोबांनी नेमके काय सांगितले याला काकांखेरीज साक्षीदार नाही. काकांना पुढे मराठी शाळेत घातले. घरात त्यानंतर कुणाला ती लिपी आली नाही.

तो आकार मात्र काकांच्या बोटात राहिला. कचेरीत फायलींच्या कोपऱ्यांवर, घरी कॅलेंडरवर, ते तो काढत. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नपत्रिकेवर गणपतीच्या खाली तो छापलेला आहे. माझ्या आईवडिलांच्या पत्रिकेवरही आहे. टेंभुर्णीत उर्दू वाचणारी घरे आहेत. त्यांना आमच्याकडून पत्रिका जात नसत.

आईचे माहेर अंकुशनगरचे. तिचे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. उसाच्या गाड्या मोजून पावत्या फाडायच्या, हे त्यांचे काम. लग्नात त्यांनी एकवीस भांडी दिली आणि रीतीप्रमाणे प्रत्येकावर स्वतःचे नाव घालून दिले. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी काकांनी नाव घालणाऱ्याला अंगणात बसवले. त्याने वीस भांड्यांवरचे नाव घासून काढले आणि आमचे आडनाव घातले. आईने हे स्वयंपाकघराच्या दारातून पाहिले. काका तिला म्हणाले, “दगडावर नाव असलेलं घराणं आहे हे. काट्यावरच्या कारकुनाचं नाव आमच्या पातेल्यावर शोभंल का?”

एकविसावे भांडे, पितळेचा एक डबा, आईने पेटीत ठेवला होता म्हणून राहिला.

त्यानंतर पंचेचाळीस वर्षे काका तिला पाहुण्यांसमोर “आमची काट्यावाली” म्हणत. भाजीत मीठ जास्त झाले तर म्हणत, “काट्यावर न्हाई का तोलून घेतलं?” माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा म्हणाले, “आकडे बराबर येणारच, वजनमापाचं रक्त आहे.” माझे वडील अशा वेळी पेपर वाचत असत. आईने या काळात उलट उत्तर दिल्याचे मला आठवत नाही. शेजारच्या दोघींना विचारले, त्यांनाही आठवत नाही.

पंधरा दिवस आधी काकांनी मला फोन केला. कोरणाऱ्याला त्यांनी त्या शब्दाचे स्वतःच्या हातचे चित्र दिले होते, पण पडदा काढल्यावर सोबत दाखवायला मूळ दगडाचा स्वच्छ फोटो हवा होता. मी कार्यालयातला मोठा कॅमेरा घेऊन किल्ल्यावर गेले. दगड उंच आहे आणि त्यावर चुन्याचे हात बसले आहेत, पण सकाळच्या उन्हात अक्षरे उठून आली. फोटो नीट आला.

कागदावर काही आहे असे कुणी सांगितले तर ते दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यायचे, ही कामातली सवय. किल्ल्याजवळच्याच गल्लीत एक निवृत्त उर्दू शिक्षक राहतात. फारसीही जाणतात. त्यांनी फोटो संगणकावर मोठा करून पाहिला आणि एका पाठकोऱ्या कागदावर अर्थ लिहून दिला. त्यात ज्याच्या हुकमाने किल्ला बांधला त्याचे नाव, बांधणाऱ्याचे नाव, एक दुआ आणि झिजलेले साल एवढेच होते. तिसरे नाव नव्हते. मी डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवले. त्यांनी सांगितले. मी ते लिहून घेतले.

त्या शनिवारी मी कागद आईसमोर ठेवला. ती वरच्या गच्चीवर तूर निवडत होती. तिने दोनदा ऐकून घेतले.

“त्यांना सांगितलं?”

“न्हाई. आता खाली जाऊन सांगते.”

“आत्ता न्हाई सांगायचं.”

“मंग कधी? दगड बसवल्यावर?”

“तिथं. किल्ल्यात. त्यांचं सगळं सांगून झाल्यावर.”

मी म्हणाले की ते म्हातारे आहेत. आईने सुपातला एक खडा उचलून कठड्यावर ठेवला.

“मी बावीस वर्षांची होते,” ती म्हणाली.

मी कागद पिशवीत घातला. खाली जाऊन काकांना फोटो दिला आणि छान आलाय म्हणाले. त्यांनी भिंग घेऊन पाहिला, डाव्या कोपऱ्यावर बोट फिरवले आणि मला पेढा दिला. मी तो खाल्ला.

जालन्याला जायची गोष्ट आईनेच काढली. जिन्यात उभी राहून ती काकांना म्हणाली, “भावजी, दगड बसवायच्या आधी एकदा डोळ्यांनी पाहून येता का? मी पण येते. इतकी वर्षं ऐकून राह्यले, पाहिला कधीच न्हाई.”

काकांना बरे वाटले. “चल,” ते म्हणाले. “घराणं काय असतं ते दाखवतो तुला.”

मुलाने पुण्याहून गाडी ठरवून देतो म्हणून फोन केला. काकांनी नाही म्हटले. वडिलांनी मोटारीने नेले होते, आपणही एसटीनेच जायचे, असे त्यांचे ठरले.

मंगळवारी आम्ही सकाळी आठला थांब्यावर उभे होतो. काकांनी कोट घातला होता. आईच्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत डबा. गाडी आठ चाळीसला आली. पुढच्या दारातून काकांना चढवायला मला आणि चहाच्या टपरीवाल्याला दोन्ही बाजूंनी धरावे लागले. टपरीवाला म्हणाला, “आजोबा, किल्ला जिंकायला चालले का काय?”

“किल्ला आपलाच आहे,” काका म्हणाले. “बघून येतो.”

पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला एसटीत तिकीट नाही. बायकांना अर्धे. कंडक्टर तरुण होता, कानात एक इअरफोन.

“बाबा, आधार दाखवा.”

“चेहऱ्यावरून दिसत न्हाई का?”

“चेहऱ्यावरून तर नव्वद दिसून राह्यले. पण साहेबाला आधार लागतंय.”

मागच्या बाकावरचे हसले. काकांनी कोटाच्या आतल्या खिशातून कार्ड काढले. कंडक्टरने ते उलटसुलट पाहिले, शून्याचे तिकीट फाडून दिले आणि पुढे गेला. काकांनी तिकीट वाचले.

“पूर्वी या रस्त्यानं आपली माणसं घोड्यावर जायची,” ते शेजारच्या प्रवाशाला म्हणाले. तो कापसाच्या भावाबद्दल फोनवर बोलत होता. त्याने मान हलवली.

काका खिडकीशी, आई मधे, मी कडेला. काका खिडकीकडे तोंड करून बोलत आणि वाऱ्यामुळे निम्मे ऐकू येत नसे. आई प्रत्येक वाक्याला “हो का?” म्हणत होती. वाटेत एके ठिकाणी उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली. दोन ट्रॉल्या भरलेल्या, ओव्हरटेक करायला जागा नाही.

“धाकटे, बघ,” काका म्हणाले. “तुझ्या बापाचं गिऱ्हाईक.”

“हो,” आई म्हणाली. “माल बराबर भरलाय.”

जालन्याच्या बसस्थानकात आम्ही सव्वादहाच्या पुढे उतरलो. काकांना उतरवताना त्यांचा बूट पायरीत अडकला आणि मागची माणसे ओरडली. स्थानकाबाहेर शेअर रिक्षा उभ्या होत्या. किल्ला म्हटल्यावर पहिल्या रिक्षावाल्याने विचारले, “कोणत्या हापिसात काम हाय?”

“हापिसात न्हाई. किल्ला पाहायचाय.”

“किल्ल्यात काय पाहता?”

“आमचं नाव आहे तिथं,” काका म्हणाले.

“मतदार यादी तिथं नसती, आजोबा.”

गांधी चमन चौकापर्यंत आम्ही त्याच रिक्षातून गेलो. मागच्या सीटवर आम्ही तिघे आणि एक शिवणयंत्राचे डोके मांडीवर घेतलेला माणूस. पुढचे अंतर पायी. काकांना दर पन्नास पावलांवर थांबावे लागे. थांबले की ते काठीने एखाद्या जुन्या भिंतीकडे दाखवत आणि ती तटाचीच आहे असे सांगत. त्यांतल्या दोन भिंती गोदामांच्या होत्या.

किल्ला शहराच्या आत आहे. चारी बाजूंनी घरे आणि दुकाने टेकली आहेत, त्यामुळे समोर जाईपर्यंत तो दिसत नाही. मग एकदम बुरूज येतो, त्यावर पिंपळाचे रोप, केबलच्या तारा. दरवाजा उंच आणि जाड. आत काही कचेरीच्या खोल्या आहेत, त्यांतल्या काही बंद असतात. दरवाज्याच्या सावलीत एक रखवालदार प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या शेजारी फाइल घेऊन एक माणूस उभा होता. तो आतल्या साहेबाची वाट पाहत होता.

“काय काम?” रखवालदाराने विचारले.

“किल्ला पाहायचाय.”

“हा काय समोर. पाहा की.”

काकांनी कोटाची बटणे लावली. काठी माझ्याकडे दिली. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी वरची अक्षरे त्यांना दिसत नव्हती. हे त्यांनी मान्य केले नाही. ते बरोबर दगडाखाली उभे राहिले, मान वर केली आणि उजवा हात उचलून हवेत बोट फिरवले. तीन दात. एक टिंब. गोल. दोन टिंबे.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आमच्याकडे पाहून नाही, रखवालदार आणि फाइलवाल्याकडे पाहून. मूळ पुरुष कुठून आले. दप्तर कसे ठेवले. बांधणारा कसा खूश झाला. आजोबांनी खांद्यावर कसे घेतले. आजोबांचा घाम आणि टोपीच्या कडेचा वास यांचाही उल्लेख आला. तो मी पूर्वी ऐकला नव्हता. फाइलवाला खरोखर ऐकत होता. “वा,” तो म्हणाला. “म्हंजे किल्ल्याचे मालक म्हणा की.”

“मालक न्हाई,” काका म्हणाले. “पण नाव आहे. मालकांचे वाडे गेले, नाव राहिलं.” मग आईकडे वळून म्हणाले, “बघितलं का? काट्यावरच्या पावत्या पावसात विरघळतात. हे दगडात आहे.”

“पाहून राह्यले,” आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिले.

मी शिक्षकांना फोन केला. ते गल्लीतच होते, चार मिनिटांत आले. पांढरा कुडता, हातात फोटोची मोठी प्रत. त्यांना मी फक्त इतकेच सांगितले होते की, घरच्या ज्येष्ठांना लेखाचा अर्थ समजून घ्यायचा आहे. त्यांना बाकी काही माहीत नव्हते, हे इथे नोंदवायला हवे.

“सलाम साहब,” ते काकांना म्हणाले. “बड़ी अच्छी बात है. इतने साल में कोई पढ़वाने को नहीं आया. ये तुमची मुलगी आली, मला फार बरं वाटलं.”

काकांनी वाकून हात जोडले. “वाचा, मास्तर. मोठ्यानं वाचा. यांना ऐकू द्या.”

शिक्षकांनी आधी फारसी म्हटले, सुरात, मग एकेक ओळीचा अर्थ हिंदी-मराठीत सांगितला. हुकूम देणाऱ्याचे नाव आले. बांधणाऱ्याचे नाव आले. दुआ आली. काका डोळे मिटून मान हलवत होते.

“बस, इतकंच,” शिक्षक म्हणाले.

काकांनी डोळे उघडले. “आणि शेवटचा शब्द? डाव्या कोपऱ्यातला?”

“हां, वो? वो सन है. साल. त्याच्या पोटात आकडे होते, घिस गये.”

“न्हाई. ते नाव आहे.”

“नाम नहीं, साहब. सन. हर दरवाज़े पर होता है.”

तेव्हा सव्वाअकरा झाले होते. रखवालदाराच्या मागच्या भिंतीवर घड्याळ आहे.

फाइलवाल्याने आधी काकांकडे आणि मग दगडाकडे पाहिले. रखवालदार म्हणाला, “म्हंजे नाव न्हाईच?”

“मास्तर,” आई म्हणाली, “तेवढं पुन्हा वाचा. मोठ्यानं. त्यांना कमी ऐकू येतं.”

शिक्षकांनी पुन्हा वाचले. शेवटच्या शब्दाशी ते थांबले, फोटोवर पेन टेकवले आणि अक्षर-अक्षर सुटे करून सांगितले. काकांचा हात अजून थोडा वर होता. बोट हलत होते.

“दुसरा दगड असंल,” काका म्हणाले. “आतल्या दरवाज्यावर.”

“चाळीस साल हुए, रोज़ इधरसे जाता हूं,” शिक्षक म्हणाले. “लिखा हुआ पत्थर एकच आहे.”

“तुम्हाला वाचता येत न्हाई.”

शिक्षकांनी पेनाला टोपण लावले.

“माझे वडील उर्दूचे जाणकार होते. कचेरीत त्यांच्या हाताखाली तुमच्यासारखे दहा होते. तुम्ही पोरांना अलिफ-बे शिकवून पेन्शन खाल्ली. तुम्हाला काय कळणार?”

रखवालदार खुर्चीवरून उठला. शिक्षकांनी फोटोची नीट गुंडाळी केली आणि ती माझ्या हातात दिली. मला म्हणाले, “बेटी, जो नहीं है वो मैं कैसे पढ़ूं?” मग जायला वळता वळता म्हणाले, “तुला तर मी पंधरा दिवसांमागंच सांगितलं होतं.”

हे काकांनी ऐकले. ते कमी ऐकतात असे आई म्हणाली होती, तरी ऐकले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिले, मग आईकडे. “तुम्हाला माहीत होतं.”

“हो,” आई म्हणाली.

मी शिक्षकांना थांबवून काकांच्या वतीने माफी मागितली. आपल्या वतीने मागितली नाही. आईने पिशवीतून डबा काढला. आत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी होती. तिने झाकण उलटे करून त्यात चार धपाटे ठेवले आणि शिक्षकांपुढे धरले. त्यांनी नको म्हटले, तिने आग्रह केला, त्यांनी एक घेतला. रखवालदाराने घेतला. फाइलवाल्याने घेतला. मग तिने झाकण काकांपुढे केले. झाकणावर तिच्या वडिलांचे नाव आहे. मराठीत आहे, त्यामुळे काकांना ते वाचता आले.

काकांनी घेतला नाही.

“राहू द्या,” आई म्हणाली. “मीठ जास्त झालं असंल.”

परतीची गाडी दीडची मिळाली. कंडक्टर दुसरा होता. त्याने आधार मागितले तेव्हा काकांनी खिसा चाचपला. कार्ड सापडेना. ते किल्ल्यापाशी पडले की रिक्षात, हे शेवटपर्यंत कळले नाही. कंडक्टर म्हणाला की कार्ड नसेल तर पूर्ण तिकीट पडेल. मी पैसे काढले. काका म्हणाले, “चेहऱ्यावरून दिसत न्हाई का?” सकाळी म्हटले तेच शब्द. या वेळी कुणी हसले नाही. कंडक्टरने त्यांच्याकडे पाहिले आणि पूर्ण तिकीट फाडले.

संध्याकाळी काकांनी मला खाली बोलावले. कोट अजून अंगावर होता. दगड पलंगाशेजारी भिंतीला टेकून ठेवला होता, वर लाल कापड.

“रविवारी काय सांगू?” त्यांनी विचारले.

“जे आहे ते सांगा.”

“नव्वद पत्रिका गेल्यात.”

आई जिन्यात उभी होती. मला ती दिसत होती, त्यांना नाही. तिथूनच ती म्हणाली, “काही सांगू नका, भावजी. दगड बसवा. मी कुणाजवळ बोलणार न्हाई. तुम्ही पडदा काढाल, तेव्हा फक्त समोर उभी राहीन.”

काकांनी दगडावरचे लाल कापड खाली ओढून घेतले. त्या रात्री मी जालन्याला परतले नाही, पण खालीही गेले नाही.

रविवारी कार्यक्रम झाला. आलेल्यांची गणती कुणी केली नाही. पंगती तीन उठल्या. एक्याऐंशी दिवे लागले. काकांना हार घातला, पाटावर बसवले, बायकांनी ओवाळले. दगड दाराशेजारी लाल कापडात होता. ज्याने त्याने तो कधी उघडणार म्हणून विचारले. आई वाढत होती. प्रत्येकाला ती एकच सांगत होती, “भावजींना विचारा.”

आणि प्रत्येकाने विचारले. काकांनी पहिल्या दोघा-तिघांना जेवणानंतर म्हणून सांगितले. मग म्हणाले की आणताना दगडाला तडा गेला आहे, दुसरा करून घ्यायचा आहे. पुण्याहून आलेल्या मुलाने तिथल्या तिथे कापड उचलले, दगडावरून हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, “बाबा, कुठंय तडा? एकदम ओके आहे.” दोघांनी फोटो काढले. एका लांबच्या चुलतभावाने मला विचारले, “हे लिहिलंय काय नेमकं? आमच्या लग्नाच्या पत्रिकेवर पण होतं.” मी आईकडे पाहिले. ती ताक वाढत होती. मी म्हणाले, “काकांना विचार.”

तो जाऊन विचारून आला. “झोपले म्हणतात,” तो म्हणाला. काका पाटावरच बसलेले होते, हार गळ्यात, डोळे मिटलेले.

पाहुणे सोमवारी सकाळपर्यंत गेले. मुलगा निघताना दगडाचे काय करू म्हणून विचारायला आला. काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

“फेकून दे.”

“फेकता कशाला?” आई दारातून म्हणाली. “चांगली फरशी हाय. धुण्याला होईल.”

मुलाने आणि शेजारच्या एकाने दगड उचलून मागच्या न्हाणीशी नेला आणि नळाखाली विटांवर बसवला. आईने त्यांना तो उलटा करू दिला नाही.

दगड अजून तिथेच आहे. अक्षरांची बाजू वर आहे. काकांची खोली न्हाणीच्या भिंतीच्या पलीकडे आहे. आई सकाळी सात ते साडेसात धुणे धुते.